रविवारचे सलग भाग आणि सोमवारची शुगर

केज परिसरात दवाखाना टाकून मला आता सव्वीस-सत्तावीस वर्षे होत आली. एवढ्या काळात एक गोष्ट अनुभवाने शिकलो. ‘ही गोळी रात्री आठ वाजता घ्या’ असे सांगितले तर पेशंट हमखास विसरतो. ‘अमुक मालिका लागली की घ्या’ असे सांगितले तर सहसा विसरत नाही. घड्याळ न वाचता येणाऱ्या आज्यादेखील मालिकांच्या वेळा बिनचूक सांगतात. २०१८ साली साडेसातला ‘तुझ्यात जीव रंगला’, आठला ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आणि साडेआठला ‘तुला पाहते रे’ असा क्रम होता. त्या काळात मी कितीतरी जणींना गोळीची वेळ मालिकेच्या नावानेच सांगितली आहे.

डॉक्टरांनी मालिकांवर लिहायला घेतले म्हणजे आता नावे ठेवणार, असे वाचकांना वाटेल. तसा माझा विचार नाही. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका मुळात कुटुंब नियोजनासारखे विषय गोष्टीच्या रूपाने घराघरांत पोचावेत म्हणून आखलेली होती. म्हणजे आपल्याकडे मालिकेचा जन्मच थोडाफार आरोग्य शिक्षणासाठी झाला. पुढे ती सासू-सुनांच्या हाती गेली, हा भाग वेगळा.

माझ्या पिढीला रविवार आणि टीव्ही यांचे नाते नव्याने सांगायला नको. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. गल्लीत एकच संच. रविवारी सकाळी त्याला हार घातला जाई आणि अंगणापर्यंत माणसे बसत. पण ते आठवड्यातून एकदाच होते. १९९७ च्या सुमारास सह्याद्रीवर ‘दामिनी’ आली. मराठीतील पहिली दैनंदिन मालिका म्हणून ती ओळखली जाते. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाल्या आणि रोज रात्रीचे वेळापत्रकच ठरून गेले. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. एवढ्या काळात आमच्याकडे एखाद्या मुलीचे बालपण संपून लग्नही होते.

रोजची मालिका म्हटली की भाग चुकण्याची धास्ती आली. त्यात आपल्याकडचे लोडशेडिंग. ऐन भांडणाच्या प्रसंगाला लाईट जायची आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर किंवा ओट्यावर ‘पुढं काय झालं गं?’ अशी चौकशी व्हायची. या चुकलेल्या भागांवरचा उपाय म्हणून शनिवार-रविवारी आठवड्याचे भाग सलग दाखवण्याची पद्धत आली. ही आपली कल्पना नव्हे. बीबीसी रेडिओवर १९५१ पासून चालू असलेली ‘द आर्चर्स’ ही खेड्यातील शेतकरी कुटुंबाची मालिका. सुरुवातीला ती शेतकऱ्यांना शेतीची नवी माहिती मिळावी म्हणून काढलेली होती, आणि तिचे आठवडाभराचे भाग रविवारी सकाळी एकत्र ऐकवण्याची प्रथा तिकडे फार जुनी आहे. ज्याला रोज वेळ नाही त्याने रविवारी चहा पीत एकदाच ऐकावे. कल्पना साधी आहे. वाहिनीलाही ती सोयीची पडते, कारण भाग तयारच असतात आणि रविवारची दुपार फुकटात भरून निघते.

आपल्याकडे ‘महाएपिसोड’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात. कधी तो तासा-दोन तासांचा नवा भाग असतो, तर कधी जुनेच भाग एकापुढे एक जोडलेले असतात. मी लिहितो आहे तो जोडलेल्या भागांविषयी. अर्ध्या तासाचा एक, असे सहा भाग. जाहिरातींसह सलग तीन तास.

आता मूळ विषयाकडे येतो.

२०१८ च्या पावसाळ्यात जवळच्या एका गावातील मावशी माझ्याकडे आल्या. वय बासष्ट. दहा वर्षांचा मधुमेह आणि तेवढेच जुने बीपी. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली तर आकडा पावणेदहा. तो सातच्या आसपास असायला हवा. गोळ्या वेळेवर होत्या, इन्सुलिनही सुरू होते. मग बिघडते कुठे? मी संध्याकाळचा दिनक्रम विचारला. सात वाजता शेतातून घरी, हातपाय धुऊन भाकरी टाकायच्या, साडेसातला टीव्ही सुरू. तीन-चार मालिका झाल्यावर साडेनऊला जेवण, तेही चालू टीव्हीसमोर. इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे, पण जेवण कधी होणार हेच पक्के नाही. म्हणून कधी आधी, कधी नंतर, कधी उद्या. जेवण झाले की लगेच अंथरूण.

मी म्हणालो, “मावशी, मालिका बंद करा.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, दिवसभर रानात खपायचं. लेक-सून दिवाळी झाली की कारखान्यावर जातेत ऊसतोडीला. घरात मी अन दोन लेकरं. रात्रीचं येवढंच बोलणं कानावर पडतंय. ते बी बंद करू का?”

माझ्याजवळ याला उत्तर नव्हते. आपल्या जिल्ह्यात हिवाळ्याच्या सहा महिन्यांत अशी घरे गावोगाव आहेत. म्हातारी माणसे, शाळेत जाणारी लेकरे आणि एक टीव्ही. मालिकेतील माणसे म्हणजे या घरात राहायला आलेले पाहुणेच. ते तोडा म्हणणे सोपे आहे.

मग मला एक युक्ती सुचली. मी विचारले, “रविवारी दुपारी सगळे भाग पुन्हा लावतात ना?” त्या हो म्हणाल्या. मी सांगितले, रोज एकच मालिका पाहा, तीही जेवण झाल्यावर. साडेसातला इन्सुलिन, आठला जेवण, मग नातवाला घेऊन गल्लीतून पंधरा मिनिटे चालायचे, त्यानंतर एक मालिका आणि झोप. बाकीच्या मालिका रविवारी एकदम पाहायच्या. काही चुकत नाही. खरे सांगायचे तर मालिकेत सोमवारी उचललेला चहाचा कप शनिवारी ओठाला लागतो!

हा सौदा त्यांना पटला. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी केली तर आकडा सव्वाआठवर आला होता. औषध एकही वाढवले नव्हते. जेवण दीड तास अलीकडे आले, इन्सुलिनची वेळ ठरली आणि जेवणानंतर पाय हलले, एवढाच फरक. मी मनातून खूश झालो. तेव्हापासून ‘रविवारचे सलग भाग’ हा सल्ला मी पंधरा-वीस जणींना दिला असेल.

फेब्रुवारी २०१९ मधला एक रविवार. दुपारी एक वाजता मावशींच्या घरी टीव्ही लागला. शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसल्या. दीडच्या सुमारास शेंगा फोडता फोडता मावशींच्या उजव्या हातातून ताटली निसटली. हाताला मुंग्या आल्यासारखे झाले, बोटे वळेनात. त्यांना वाटले, हातावर भार देऊन बसल्याने असेल. शेजारणीने विचारले तर म्हणाल्या, एवढे होऊ द्या, मग बघू. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. थोड्या वेळाने त्यांनी नातीला पाणी मागितले तर शब्द जड आला. नात म्हणाली, “आज्जी अशी कामून बोलायलीस?” तेवढे एक लेकरू सावध होते, पण लेकराचे कोण ऐकतो? चार वाजता भाग संपले. उठायला गेल्या तर उजवा पाय उचलेना.

मग धावाधाव. पुतण्या शेतातून आला, जीप मिळायला अर्धा तास गेला. रविवार असल्याने दवाखाना बंद, पण मी वरच राहतो. सव्वापाच वाजता माझ्या दारात जीप उभी राहिली. तोंड डावीकडे ओढलेले, उजवी बाजू लुळी, बीपी १९० वर ११०. अंगावरून वारे गेले होते, हे बघता क्षणी कळत होते. मी थेट अंबाजोगाईला पाठवले. तिथे पोचून डोक्याचा सीटी स्कॅन होईपर्यंत सात वाजून गेले.

वारे जाण्याचे बहुतेक झटके मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून येतात. ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. पण पहिली खूण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिले तर जिवावर बेतते. मावशींची खूण दीडची. साडेचार तास म्हणजे सहा. स्कॅनमध्ये गुठळीच निघाली, पण वेळ टळून तास झाला होता.

वेळेत पोचल्या असत्या तर हात नक्की वाचला असता का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. इंजेक्शन सगळ्यांनाच देता येत नाही आणि दिलेल्या सगळ्यांना सारखा गुणही येत नाही. झटका काही टीव्हीमुळे आला नाही. तो दहा वर्षांच्या साखरेने आणि बीपीने आला. पण त्या अडीच तासांचा हिशेब मला अजून टोचतो. त्या रविवारी त्या तीन तास बसल्या होत्या त्या माझ्या सल्ल्याने. मी त्यांना मालिका कधी पाहायची ते सांगितले होते. ती अर्ध्यात टाकून कधी उठायचे, हे सांगायचे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

तेव्हापासून मी सल्ल्याचा दुसरा अर्धा भागही सांगतो. तोच आज लिहितो आहे.

आधी बसण्याविषयी. आपण बसलो की मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू काम थांबवतात. रक्तातील साखर ओढून घेणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे हेच स्नायू. रविवारचे जेवण आधीच जड असते, पुरणपोळी नाहीतर मटण. त्यावर लगेच तीन तास बैठक मारली तर साखर रक्तातच फिरत राहते. १९५३ साली लंडनमधील डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. बसण्याने बिघडते ही शंका वैद्यकशास्त्राला तेव्हापासून आहे. टीव्हीपुरते बोलायचे तर ऑस्ट्रेलियात सुमारे ८,८०० प्रौढांची सहा वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली आणि ती २०१० मध्ये छापून आली. रोजच्या टीव्हीचा एकेक तास वाढला की मृत्यूचा धोका साधारण ११ टक्क्यांनी जास्त आढळला. टीव्हीनेच माणसे मेली असा याचा अर्थ नाही. जे जास्त बसतात ते खातातही वेगळे आणि हालतातही कमी. तरी आकडा विचार करायला लावणारा आहे.

पण याच विषयात एक फार कामाची गोष्ट सापडली आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील त्याच मंडळींनी १९ वजनदार माणसांना गोड पेय देऊन पाच तास बसवले. एकदा सलग, आणि एकदा दर वीस मिनिटांनी उठवून दोन मिनिटे सावकाश चालायला लावले. मधून मधून उठणाऱ्या दिवशी जेवणानंतरची साखर सुमारे पाव हिश्शाने कमी चढली. माणसे थोडीच होती हे खरे, पण नंतरच्या अनेक प्रयोगांतही हीच दिशा दिसली. आता दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे, हे वाचकांना कशासारखे वाटते? मालिकेतील जाहिरातीसारखे! ज्या जाहिरातींवर आपण वैतागतो त्या मधुमेहाच्या पेशंटसाठी नेमक्या वेळेवर येतात. जाहिरात लागली की उठायचे. ओट्यावर दोन येरझाऱ्या, रांजणातून पाणी, दोरीवरचे कपडे काढणे, काहीही चालेल. गुडघे धरले असतील तर भिंतीला हात टेकवून टाचा पंधरा-वीस वेळा वर-खाली कराव्यात. खाली मांडी घालून तीन तास बसण्यापेक्षा खुर्ची बरी. पायाला सूज असणाऱ्यांनी तर खुर्चीच घ्यावी आणि पाय स्टुलावर ठेवावेत.

खाण्याचे काय? टीव्हीसमोर फरसाणाचे पुडके ठेवू नये, एवढे पाळले तरी खूप आहे. रडण्याचा प्रसंग असला की हात आपोआप पुडक्यात जातो, हे मी घरीच पाहतो. नाव सांगत नाही. वाटीत काढून घ्यावे, वाटी संपली की संपले. फुटाणे किंवा भाजलेल्या शेंगा उत्तम. आणि रविवारी दुपारी सलग भाग पाहायचे ठरवले तर तेच भाग रात्री पुन्हा पाहू नयेत. ही सवलत रोजच्या बदल्यात आहे, रोजच्या वर नाही. काही घरांत रात्री नवा भाग, सकाळी पुनःप्रक्षेपण आणि रविवारी सलग, असे तीन वेळा तेच भांडण ऐकले जाते. मग माझ्या सौद्याचे काय उरले?

२०२० च्या मार्च महिन्यात चित्रीकरण थांबले, तेव्हा जुलैपर्यंत नवे भागच नव्हते. वाहिन्या जुनेच लावत होत्या, दूरदर्शनवर २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले. सगळे दिवस रविवार झाले होते. त्यानंतर दवाखान्यात आलेल्या पेशंटांची वजने पाहिली तेव्हा मला फार काही विचारावे लागले नाही. आता मोबाईलवर हवा तो भाग हवा तेव्हा मिळतो. तरुण सुना दुपारी भाकरीचे काम उरकून त्यावर पाहतात. तिथे एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि उठायला सांगणारी जाहिरातही नेहमी नसते, हे लक्षात असू द्यावे.

आता जे मला २०१८ मध्ये सांगायचे राहिले ते. टीव्ही पाहताना कुणाचा चेहरा एका बाजूला ओढला, एक हात किंवा पाय अचानक जड झाला, जीभ अडखळू लागली, किंवा एका डोळ्याने दिसेनासे झाले, तर टीव्ही बंद करा. शंका असेल तर तिघांची परीक्षा घ्या. हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक वाक्य म्हणायला सांगा. एकही चुकले तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन लावा. थोड्या वेळाने हात आपोआप बरा झाला तरी निघा. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. पाणी, चहा, काढा काही पाजू नका, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते. कांदा हुंगवण्यात किंवा देवऋषाकडे नेण्यात वेळ घालवू नका. आणि हे जरा संकोचाने लिहितो, पण माझ्याकडेही आधी आणू नका. माझ्याकडे सीटी स्कॅन नाही. जिथे तो आहे तिथे थेट गाडी न्या, मला वाटेतून फोन करा. छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात कळ असेल तरी हेच करा. ‘गॅस असेल, हा भाग झाला की बघू’ म्हणणारे पुरुष मी बायकांपेक्षा जास्त पाहिले आहेत, आणि त्यांच्यासमोर बहुधा मालिका नव्हे तर क्रिकेटचा सामना असतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणखी एक. मालिकेवर वेळ बांधण्याची माझी जुनी युक्ती मी आता सोडली आहे. मालिकेची वेळ वाहिनी बदलते, मालिका संपते, रविवारी ती वेळच नसते, आणि मग इन्सुलिनही चुकते. आता मी नातवाला मोबाईलवर गजर लावून द्यायला सांगतो. नातवंडे हे काम आनंदाने करतात.

मावशी आजही येतात. पाय बराच सुधारला, काठी घेऊन चालतात. उजव्या हाताने भाकरी थापता येत नाही, ती नात थापते. रोज रात्री एक मालिका आणि रविवारी सलग भाग, हा नियम त्यांनी मोडलेला नाही. मागच्या महिन्यात साखर पाहिली, ठीक होती. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “साहेब, जाहिरात लागली की उठते बघा. पण आता जाहिरातीच लई झाल्यात. पाय दुखायलेत.”

मी त्यांना एकाआड एक जाहिरातीला उठायची सूट दिली आहे.